रिप्लेस व्हायच्या आधी

एकांकिका करणाऱ्या ग्रुपमध्ये एक बातमी अशी येते की पहिल्या दिवशी सगळे नाचतात आणि पंधरा दिवसांत निम्मे एकमेकांशी बोलेनासे होतात. ‘आपली एकांकिका व्यावसायिकला जातेय!’ आधी पेढे, स्टेटस, करंडक हातात घेतलेले जुने फोटो. मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘कास्ट तीच ना?’ दिग्दर्शक दादा मोबाइलमध्ये बघत म्हणतात, ‘बघू, निर्मात्यांशी बोलणं चालू आहे.’

हे ‘बघू’ ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मुख्य भूमिकेसाठी मालिकेतला चेहरा येतो. तुमच्या नायिकेच्या जागी दुसऱ्या मालिकेतला चेहरा येतो. उरलेल्यांपैकी दोघं ‘छोट्या पण महत्त्वाच्या’ भूमिकांत टिकतात, एकाला बॅकस्टेज बघशील का म्हणून विचारतात, आणि बाकीच्यांना काहीच विचारत नाहीत. त्यांना कळतं ते पेपरातल्या जाहिरातीतून. नाही तर तालमीसाठी वेगळा ग्रुप निघालाय आणि आपण जुन्याच ग्रुपवर गुड मॉर्निंग बघत बसलोय, यावरून.

मग भांडण होतं. मेकअप रूममध्ये, चहाच्या टपरीवर, रात्री दीडला व्हॉट्सअ‍ॅपवर. कलाकार म्हणतात, आमच्या घामावर तुम्ही नाटक उभं केलंत. निर्माता म्हणतो, पैसा माझा आहे. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आधी निर्मात्याचं ऐकून घेऊ, कारण आपल्या वयात त्याला थेट व्हिलन करून टाकण्याची घाई असते. व्यावसायिक नाटकाचा एक प्रयोग लावायचा म्हणजे थिएटरचं भाडं, पेपरातली जाहिरात, सेटचा टेम्पो, बस, लाइट, साउंड, कपडेपट, बॅकस्टेजची माणसं आणि प्रत्येक कलाकाराची नाईट. (एका प्रयोगाच्या मानधनाला आपल्याकडे ‘नाईट’ म्हणतात, प्रयोग दुपारी साडेचारचा असला तरी.) हा खर्च समोर सातशे लोक बसोत की सत्तर, जवळजवळ तेवढाच असतो. पहिल्या दहा-पंधरा प्रयोगांत लोक आले नाहीत तर नाटक बंद. आणि लोक येणार की नाही हे ठरतं एका प्रश्नावर. आत्ता घरी विचारून बघा, ‘आई, रविवारी नाटकाला जाऊ या?’ आई नाटकाचा विषय विचारणार नाही, लेखकही विचारणार नाही. ती विचारेल, ‘कोण आहे त्यात?’

या प्रश्नाचं उत्तर विकत घेण्यासाठी निर्माता मालिकेतला चेहरा घेतो. तुमच्यात टॅलेंट नाही असं त्याला वाटत असेलच असं नाही. बऱ्याचदा त्यानं तुमची एकांकिका बघून डोळे पुसलेले असतात आणि तरीही तो तुम्हाला घेत नाही.

पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि ती निर्माते क्वचितच बोलून दाखवतात. चेहरा बुकिंग आणतो तसा तारखाही खातो. मालिकेचं शूटिंग दिवसाचे बारा-तेरा तास चालतं. चॅनेलनं महाएपिसोड लावला की रविवारचा प्रयोग गेला. मग अख्खा संच त्या एका माणसाच्या सुट्टीची वाट बघत बसतो आणि चाळीस होऊ शकले असते तिथे पंधरा प्रयोग होतात. शिवाय मालिका संपल्यावर त्या चेहऱ्याची ओढ किती दिवस टिकते, हाही प्रश्न आहेच.

उलटी उदाहरणंही कमी नाहीत. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’ आलं तेव्हा भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर ही नावं बघून कुणी तिकीट काढत नव्हतं. ही नावं त्या नाटकानं केली. पुढे त्याच नाटकात कितीतरी संच आले आणि गेले. प्राजक्त देशमुख यांचं ‘देवबाभळी’ही आधी एकांकिका होतं. २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सनं ते संगीत नाटक म्हणून आणलं ते शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोघींना घेऊन. त्या काही रोज रात्री घराघरांत दिसणाऱ्या नायिका नव्हत्या. त्या नाटकाचे शेकडो प्रयोग झाले.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. संभाजी भगत यांची संकल्पना, राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन आणि रंगमंचावर जालना जिल्ह्यातली पोरं. २०१२ मध्ये आलेल्या या नाटकात कास्टिंग ‘सुधारायचं’ म्हणून मुंबई-पुण्यातले चार चेहरे घेतले असते तर काय झालं असतं, याची कल्पना करून बघा. वाक्यं तीच राहिली असती, पण ती बोलणाऱ्याच्या जिभेवर वाढलेली भाषा गेली असती. तिच्या जागी वर्कशॉपमध्ये आठवड्याभरात शिकलेली ‘ग्रामीण’ बोली आली असती. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर ती किती वेळा ऐकू येते, हे तुम्हाला माहीत आहे. स्पर्धांमध्ये आज नगर, बीड, अकोला, सांगली, रत्नागिरीकडून एकांकिका येतात आणि परीक्षक भाषेच्या अस्सलपणाचं तोंडभर कौतुक करतात. मग तीच संहिता व्यावसायिकला जाते तेव्हा ज्यांच्या तोंडची ती भाषा आहे त्यांनाच बाजूला व्हावं लागतं. हे फक्त एका मुलाचा रोल जाण्याचं दुःख नाही. प्रेक्षकाला नकली माल मिळतो, हा त्याचाही तोटा आहे.

आता कलाकारांची बाजू. इथे मी आपल्याच लोकांना थोडं टोचणार आहे. ‘ही भूमिका माझी आहे’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. भूमिका कुणाच्या मालकीची नसते. कायद्यानं संहितेवर हक्क लेखकाचा. कुणाला घ्यायचं हे निर्माता-दिग्दर्शकानं ठरवायचं, आणि ते त्यांच्या हातात असणं मला चूक वाटत नाही. एकांकिकेतल्या चाळीस मिनिटांत भारी वाटलेला नट दोन अंक पेलेलच असंही नाही.

पण भूमिका माझी नाही म्हणून मेहनतही माझी नाही, असं कसं होईल? एकांकिका कशी उभी राहते हे तुम्ही पाहिलंय. संहिता पहिल्या दिवशी बारा पानांची असते. कॉलेजच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी गच्चीवर, तीन महिने रात्र-रात्र तालमी होतात. इम्प्रोव्हायझेशनमध्ये कुणीतरी एक वाक्य टाकतो, ते राहतं. कुणीतरी दार उघडताना अडखळते, हशा येतो, ते अडखळणं ‘बसवलं’ जातं. भूमिकेचा निम्मा जीव असा आलेला असतो. मग नवा चेहरा येतो, मोबाइलवर शूट केलेला स्पर्धेचा व्हिडिओ बघतो आणि ते अडखळणं जसंच्या तसं उचलतो. जिची ती जागा होती ती सातव्या रांगेत पासवर बसून बघते. टाळी पडते तेव्हा तिनं काय करायचं?

राग येतो तो इथे. तो रास्त आहे. मात्र या रागाचं आपण काय करतो हे बघितलं तर मराठी रंगभूमीची एक जुनी सवय दिसते. आपल्याकडचा नट भांडला की बाहेर पडतो आणि स्वतःची कंपनी काढतो.

१९०८ मध्ये केशवराव भोसले यांनी ‘ललितकलादर्श’ काढली ती आधीच्या कंपनीतून बाहेर पडूनच. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’ उभी राहिली. दोन-तीन वर्षांत टेंबे तिथूनही निघाले आणि त्यांनी ‘शिवराज’ काढली. पुढे ‘रंगायन’मध्ये फूट पडली आणि १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या पुढाकारानं ‘आविष्कार’ आली. पुण्यात १९७२च्या डिसेंबरात पीडीएनं तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ केलं, १९ प्रयोगांनंतर संस्थेनं ते थांबवलं, आणि जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आणि त्यांच्या बरोबरच्यांनी बाहेर पडून १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली. प्रत्येक ठिकाणी कारण वेगळं होतं. घाशीरामचा वाद तर कास्टिंगचा नव्हताच. पण मार्ग एकच, बाहेर पडायचं.

या फुटींनी मराठी रंगभूमीचं भलंच केलं असं आपण अभिमानानं सांगतो, आणि ते खरंही आहे. पण एक योगायोग बघा. ज्या १९१३ साली गंधर्व मंडळी निघाली त्याच साली न्यूयॉर्कमध्ये नटांनी ‘अ‍ॅक्टर्स इक्विटी’ ही आपली संघटना स्थापन केली. फुकट तालमी करून घेणं, दौऱ्यात मध्येच सोडून देणं, नोटीस न देता काढणं, असली दुखणी तिथेही होतीच. त्यांनी निर्मात्यांकडून ठरावीक स्वरूपाचा करार मागितला, त्यासाठी १९१९ मध्ये संप केला आणि तो जिंकला. तिकडे नटांनी कागद मिळवला. आपण कंपनी मिळवली.

कंपनी काढणं हा उपाय बालगंधर्वांना परवडणारा होता. त्यांच्या नावावर थिएटर भरायचं. टीवाय बीएला असलेल्या, चौथ्या नंबरची भूमिका करणाऱ्या, लोणावळा लोकलनं रात्री उशिरा घरी जाणाऱ्या मुलानं कुठली मंडळी काढायची? त्याच्या हातात असतं ते फक्त ग्रुपमधून ‘लेफ्ट’ होणं.

शिवाय नट मालक झाला म्हणून कास्टिंगचा प्रश्न सुटतो असं कुठे आहे? बालगंधर्वांनी पन्नाशी उलटल्यावरही नायिका रंगवल्या. त्यांच्या गाण्याबद्दल बोलायची माझी पात्रता नाही, पण मालकाला ‘आता ही भूमिका दुसऱ्याला द्या’ असं सांगणारा त्या मंडळीत कोण होता, हा प्रश्न मनात येतोच. आज तुमच्या आजूबाजूला बघा. ज्या सीनियरला कधीकाळी रिप्लेस केलं होतं आणि म्हणून ज्यानं रागानं स्वतःचा ग्रुप काढला, तोच आता ज्युनियर्सना ‘बघू’ म्हणत असतो.

कागद असला की सगळं सुरळीत होतं असा माझा दावा नाही. २०१७ मध्ये ब्रॉडवेवर ‘नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२’ हे संगीत नाटक सुरू होतं. त्या वर्षीची सर्वाधिक, म्हणजे १२ टोनी नामांकनं त्याला होती. मुख्य भूमिकेतला लोकप्रिय गायक जॉश ग्रोबन ठरल्याप्रमाणे जुलैत बाहेर पडला आणि बुकिंग घसरायला लागलं. त्याच्या जागी ओकिरीएटे ओनाओडोवान हा कृष्णवर्णीय नट आला होता. महिना व्हायच्या आत निर्मात्यांनी जाहीर केलं, की ऑगस्टच्या मध्यापासून काही आठवडे ही भूमिका मँडी पटिंकिन करतील. पटिंकिन म्हणजे मोठं नाव. सोशल मीडिया पेटला. एका कृष्णवर्णीय नटाला अर्ध्यात उठवून गोऱ्या स्टारला बसवताय? पटिंकिन यांनी दोन-तीन दिवसांत माघार घेतली, निर्मात्यांनी जाहीर माफी मागितली. ओनाओडोवान ऑगस्टमध्येच बाहेर पडला. आणि ३ सप्टेंबरला नाटक बंद झालं. त्या रात्री फक्त निर्मात्याचा पैसा बुडाला नाही. कोरस, वादक, कपडेपट, डोअरकीपर, सगळ्यांचं काम गेलं.

तिथे कुणी दुष्ट होतं असं मला वाटत नाही. बुकिंग पडत होतं, नाव हवं होतं. पण ही अडचण संचासमोर ठेवून त्यांना बरोबर घेता आलं असतं. ते न होता निर्णय आधी जाहिरातीच्या भाषेत बाहेर आला.

आपल्याकडे तर बोलणंच नसतं. कारण ‘आपण फॅमिली आहोत’. हे फॅमिली प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकतं. तालमीला रात्री बारापर्यंत थांबायचं असतं तेव्हा आपण फॅमिली. सेट उचलायचा असतो तेव्हा फॅमिली. कागदाचा विषय काढला की, ‘अरे, घरातल्या माणसांत कसला करार?’ आणि भूमिका जाते त्या दिवशी अचानक कळतं, की हा बिझनेस आहे, इमोशनल होऊ नकोस. बहुतेक वेळा हे सांगायलाही कुणी समोर येत नाही. निर्माता म्हणतो दिग्दर्शकाचा निर्णय, दिग्दर्शक म्हणतो निर्मात्याचा, आणि फोन करतो तो व्यवस्थापक, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नसतो.

मग मागायचं काय? भूमिकेची हमी मागू नका, ती कुणी देणार नाही आणि देऊही नये. मागायचं ते एवढंच, की ही एकांकिका पुढे व्यावसायिकला गेली तर मूळ संचातल्या प्रत्येकाची त्या भूमिकेसाठी एक ऑडिशन आधी होईल. निर्णय अमुक दिवसांत समोरासमोर सांगितला जाईल आणि तो दिग्दर्शक सांगेल. भूमिका दुसऱ्याकडे गेली तर जाहिरातीत नाही तरी निदान नाट्यगृहातल्या निवेदनात ‘मूळ एकांकिकेतील कलाकार’ म्हणून नावं घेतली जातील. आणि तालमीतून जे नाटकात आलं त्याबद्दल एकरकमी काहीतरी मानधन, किंवा पहिल्या पन्नास प्रयोगांपर्यंत नाईटचा छोटासा भाग. शक्य असेल तिथे ‘बदली’ कलाकार म्हणून पहिला हक्क मूळ नटाचा. हा शेवटचा मुद्दा निर्मात्याच्याच फायद्याचा आहे. चेहऱ्याचं शूटिंग लागलं तर प्रयोग रद्द करण्यापेक्षा ज्याला भूमिका तोंडपाठ आहे त्याला उभं करणं स्वस्त पडतं.

‘निर्माता असं कशाला लिहून देईल?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारतात. देईल, कारण त्यालाही तुमच्याकडून काहीतरी लेखी हवं आहे. निर्मात्यांशी बोलून बघा. त्यांची पहिली तक्रार असते, की नवीन पोरांवर विश्वास ठेवावा, त्यांना घेऊन वीस प्रयोग करावेत, जरा नाव व्हायला लागलं की त्यांना मालिका मिळते आणि ती सांगतात, ‘सर, आता तारखा जमणार नाहीत.’ मग नवी तालीम, नवे कपडे, नव्या जाहिराती. रिप्लेसमेंटचा हा दुसरा प्रकार, ज्यात रिप्लेस आपण निर्मात्याला करतो, त्याबद्दल आपण कधी रात्री दीडला मेसेज लिहीत नाही. तेव्हा तुम्ही इतके प्रयोग करीन, सोडायचं असेल तर इतके आठवडे आधी सांगीन, असं लिहून द्या आणि त्या बदल्यात तुमचं मागा. ही भीक नाही आणि धमकीही नाही, देवाणघेवाण आहे.

आणि हा कागद फार मोठा लागत नाही. आपल्या कायद्यात तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती तो सिद्ध करायची. दोन पानांचं साधं मराठी, तारीख, सह्या. वकील मित्र असेल तर त्याला एकदा दाखवा. तेही जमत नसेल तर निदान जे ठरलं ते त्याच रात्री मेसेजमध्ये लिहून पाठवा, ‘दादा, आज आपलं असं असं ठरलं, बरोबर ना?’ आणि त्यावर अंगठ्याची खूण नको, शब्दांत उत्तर मागा.

ऑगस्टमध्ये पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेऱ्या सुरू होतील, पाठोपाठ बाकीच्या स्पर्धा. म्हणजे आत्ताच कुठल्या तरी गच्चीवर संहितेचं पहिलं वाचन होत असणार. विचारायचं तर त्या दिवशी विचारा, करंडक मिळाल्यावर नको. तेव्हा निर्माता कोण हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून कागदावर सही घ्यायची ती लेखक आणि दिग्दर्शक या दोघांची. पुढे संहिता निर्मात्याच्या हातात तेच देणार आहेत.